तारखेच्या आधीचा शब्द: जुळे सोलापुरातल्या एका इंग्रजी वर्गाबद्दल

जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी इंग्रजीचा एक वर्ग भरतो. बाहेर फलक नाही. शिकवणारे सर बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांना जाहिरात नको असते, म्हणून त्यांचं नाव इथे देत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माल परदेशी पाठवणाऱ्या कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात विचारलंत तर पत्ता मिळेल. वर्गात शिकवतात तो ऑफिसचा पत्रव्यवहार, आणि त्यातही तारखा आणि वेळा लिहिण्याचा भाग सर ज्या बारकाईने घेतात तसा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात डॉक्युमेंटेशन बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीचा, ड्राफ्ट तपासणं, बँकेत द्यायचा कागदांचा सेट लावणं, आणि दिवसभर बायरच्या, माल वाहतुकीची सोय करणाऱ्या फॉरवर्डरच्या, कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या म्हणजे सीएचएच्या ईमेलना उत्तरं देणं. या प्रत्येक कागदावर तारीख असते. तारखेच्या आधी एक छोटा इंग्रजी शब्द असतो: इन, ऑन, ॲट, बाय, टिल, फ्रॉम, विदिन. माल कधी निघणार, पैसे कधी येणार आणि उशीर झाला तर तो कुणाच्या माथी बसणार, हे त्या शब्दावर ठरतं. मराठी माध्यमातून शिकून या कामात आलेल्या मुलामुलींना इंग्रजी येत नाही असं अजिबात नसतं. टॉवेलचा जीएसएम, डॉबी, बॉर्डर, श्रिंकेज यावर ती बायरशी फाडफाड बोलतात. अडतं ते इथेच.

नवी पेठेपासून आसरा चौकापर्यंत स्पोकन इंग्लिशचे वर्ग कितीतरी आहेत. त्यांतल्या बहुतेकांत हा विषय एका तासात संपतो. फळ्यावर तीन रकान्यांचा तक्ता काढतात. वेळेला ॲट, दिवसाला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. मग गाळलेल्या जागा: ‘आय गेट अप डॅश सिक्स ओक्लॉक.’ मुलं सगळ्या जागा बरोबर भरतात, आणि सोमवारी ऑफिसात येऊन बायरला लिहितात, ‘वुई विल डिस्पॅच द गुड्स टिल फ्रायडे.’ तक्ता पाठ असूनही असं होतं, कारण तक्त्यात ‘टिल’ नव्हताच. शिवाय गाळलेल्या जागेतल्या वाक्यात कुणाचं काही अडलेलं नसतं. सहाला उठलात काय किंवा सातला, कंटेनर चुकत नाही.

सरांचा वर्ग याच्या उलट टोकाकडून सुरू होतो. प्रत्येकाने आपल्या कामातल्या खऱ्या ईमेल आणायच्या, कंपन्यांची आणि माणसांची नावं खोडून. मग त्यांतली एकेक तारीख घ्यायची आणि विचारायचं: हे वाचून समोरचा माणूस काय करेल? कुठल्या दिवशी करेल? तो दिवस धरून की सोडून? व्याकरणाचं नाव त्यानंतर येतं, कधीकधी येतच नाही.

पाया मात्र ते नीट घालून घेतात. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या वर घड्याळ. घड्याळाकडे बोट दाखवलं की ॲट, कॅलेंडरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं की ऑन, अख्ख्या पानावर हात ठेवला की इन. पानाहून मोठं काहीही असो, वर्ष, शतक, उन्हाळा, त्याला इनच. साधी गोष्ट आहे, पण हात भिंतीवर फिरताना पाहिला की विसरत नाही. आणि पुढची गुंतागुंतही त्याच भिंतीवर उलगडते. सकाळ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, पण सोमवारची सकाळ म्हटलं की बोट पुन्हा चौकोनावर आलं, म्हणून ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ऑन द मॉर्निंग ऑफ फिफ्थ मार्च’. दिवाळीचे सगळे दिवस मिळून ‘ॲट दिवाळी’, पण लक्ष्मीपूजनाचा दिवस आला की ऑन. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असेपर्यंत कामगार कमी असतात हे बायरला कळवायचं तर ‘ड्युरिंग’. ‘ॲट नाइट’ला मात्र भिंतीवर जागा नाही, आणि सर तसं स्वच्छ सांगतात की याला कारण शोधू नका, पाठ करा. मला हे फार आवडलं. अनेक शिक्षक अशा ठिकाणी ओढूनताणून नियम बनवतात आणि मग तो नियम दुसरीकडे मोडतो.

ब्रिटिश बायर ‘ॲट द वीकेंड’ लिहितो आणि अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही बरोबर, ज्याचं पत्र त्याच्या पद्धतीने उत्तर द्यावं. अमेरिकन माणूस ‘वुई विल कॉल यू मंडे’ असं ऑन गाळूनही लिहितो. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार धरून. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांच्या आधी काहीच लागत नाही, तरी ‘ऑन नेक्स्ट मंडे’ आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. यावर सर फार वेळ घालवत नाहीत, कारण ते वाचून कुणाचा माल अडत नाही. ‘नेक्स्ट फ्रायडे’वर मात्र ते थांबतात. बुधवारी लिहिलेल्या पत्रात ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे परवाचा शुक्रवार की त्यानंतरचा? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही यावर एकमत नसतं. मराठीत आपण ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ असं बोलून मोकळे होतो, इंग्रजीत तशी खात्री नाही. त्यामुळे वाराच्या शेजारी तारीख लिहायची, प्रत्येक वेळी. ‘ऑन फ्रायडे, १४ मार्च’. वार आणि तारीख जुळत नसतील तर समोरचा लगेच विचारतो, हा दुसरा फायदा.

आता ‘पर्यंत’. माझ्या मते या वर्गाची निम्मी किंमत या एका शब्दाच्या तासात वसूल होते.

‘शुक्रवारपर्यंत सॅम्पल पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’. दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’ म्हणतो आणि आपल्याला कधी अडत नाही, कारण क्रियापद पाहून अर्थ लागतो. पाठवणं एकदाच घडतं, बंद असणं चालू राहतं. इंग्रजीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. एकदा घडून संपणाऱ्या कामाची मुदत सांगायची तर बाय, एखादी स्थिती किती काळ चालू राहील ते सांगायचं तर टिल किंवा अनटिल. ‘सेंड द सॅम्पल्स बाय फ्रायडे.’ ‘द ऑफिस इज क्लोज्ड अनटिल फ्रायडे.’ आणि या दुसऱ्या वाक्यात आणखी एक खड्डा आहे: शुक्रवारी ऑफिस उघडं की बंद? बरेच इंग्रज शुक्रवारी उघडं असं समजतील. आपल्याकडे ‘शुक्रवारपर्यंत बंद’ ऐकून लोक शनिवारी येतात. सरांचा उपाय असा की बंदची तारीख सांगूच नका, उघडण्याची सांगा: ‘वुई विल रीओपन ऑन सॅटर्डे’.

हा तास मी बसले होते तेव्हा वर्गातल्या एका तेलुगू बोलणाऱ्या मुलीने पटकन सांगितलं की आमच्या घरात हे दोन शब्द वेगळेच आहेत, ‘शुक्रवारं लोगा’ आणि ‘शुक्रवारं वरकु’. लोगा म्हणजे त्या दिवसाच्या आत, वरकु म्हणजे तिथवर. सरांनी लगेच मराठीतला ‘च्या आत’ पुढे आणला. ‘शुक्रवारच्या आत पाठवा’ म्हणता येतं, ‘शुक्रवारच्या आत ऑफिस बंद आहे’ म्हणता येत नाही. म्हणजे कसोटी आपल्या भाषेत होतीच. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहा, वाक्य उभं राहिलं तर बाय, पडलं तर टिल. पूर्व भागात कितीतरी घरं तेलुगू बोलतात, बाजारात कानडी आहे, कारखान्यात मराठी. सोलापुरात इंग्रजी शिकवायला बसलेल्या माणसाने या सगळ्याचा असा उपयोग करून घ्यावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटली. पुण्यामुंबईच्या छापील नोट्समधून ती येणार नाही.

तसंच ‘दोन दिवसांत’. ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणताना आपल्या मनात असतं की जास्तीत जास्त दोन दिवस, कदाचित उद्याच. ते ‘इन टू डेज’ असं उतरतं. पण ‘आय विल रिप्लाय इन टू डेज’ वाचणारा साधारणपणे परवाची वाट पाहतो, उद्याची नाही. आपल्या मनातल्या अर्थाला ‘विदिन टू डेज’ हवं. हे उत्तराबद्दल असलं तर फार बिघडत नाही. पण बायरने ‘अवर इन्स्पेक्टर विल कम इन टू डेज’ लिहिलं आणि पॅकिंगवाल्यांना आपण ‘दोन दिवसांत येणार’ एवढंच सांगितलं, तर ते उद्यापासूनच कार्टन उघडे ठेवून बसतात. आणि आपले ‘आठ दिवस’, ‘पंधरा दिवस’! मराठी माणसाला आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे हे सांगावं लागत नाही. ‘आफ्टर फिफ्टीन डेज’ वाचणारा मात्र बोटं मोजून पंधरा मोजतो आणि सोळाव्या दिवसाकडे बघतो. सर इथे आग्रहाने तारीख लिहायला लावतात.

‘सिन्स थ्री इयर्स’ आणि ‘बिफोर टू डेज’ यांवरचा तास मला नेहमीचाच वाटला. तीन वर्षांपासून म्हणजे ‘फॉर थ्री इयर्स’, दोन दिवसांपूर्वी म्हणजे ‘टू डेज अगो’, सिन्सच्या पुढे सुरुवातीचा क्षण लागतो. हे कुठल्याही चांगल्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल.

जे पुस्तकात मिळणार नाही ते यानंतर येतं. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, ही बायरच्या बँकेची लेखी हमी असते: कागद अटींप्रमाणे असतील तर पैसे मिळतील. तिच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने निदान या भागासाठी इथे यावं असं मी मनापासून सांगेन.

एलसीचे व्यवहार आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या, यूसीपी ६०० या नियमावलीवर चालतात. ती १ जुलै २००७ पासून लागू आहे आणि तिच्यात ३९ कलमं आहेत. तिसऱ्या कलमात शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत, आणि त्यांत हे छोटे शब्द आहेत. शिपमेंटचा काळ ठरवण्यासाठी ‘टू’, ‘अनटिल’, ‘टिल’, ‘फ्रॉम’, ‘बिट्वीन’ यांतलं काही वापरलं असेल तर लिहिलेली तारीख धरायची. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ असेल तर ती तारीख सोडायची. आता खरी मेख बघा. हाच ‘फ्रॉम’ पैसे देण्याची मुदत मोजायला वापरला तर तारीख सोडायची. म्हणजे ‘शिपमेंट फ्रॉम १ मार्च’ लिहिलं असेल तर एक तारखेला माल बोटीवर चढवता येतो, पण ‘६० डेज फ्रॉम बिल ऑफ लेडिंग डेट’ असेल आणि बिल १ मार्चचं असेल, तर मोजणी २ मार्चपासून सुरू होते आणि पैसे ३० एप्रिलला येतात. एकाच कागदावर एकच शब्द दोन जागी दोन तऱ्हांनी मोजला जातो. हे मी अनेक वर्षं काम करणाऱ्या माणसांना सांगितलं तेव्हा त्यांनी कलम काढून दाखवायला लावलं.

‘ऑन ऑर अबाउट १० मार्च’ म्हणजे ‘दहाच्या सुमारास’ असं आपण समजतो. यूसीपीत त्याला ठरलेली लांबी आहे: पाच दिवस आधी ते पाच दिवस नंतर, दोन्ही टोकं धरून, म्हणजे ५ ते १५ मार्च. महिन्याचा ‘फर्स्ट हाफ’ १ ते १५, ‘सेकंड हाफ’ १६ ते अखेर. ‘बिगिनिंग’ १ ते १०, ‘मिडल’ ११ ते २०, ‘एंड’ २१ ते अखेर. फेब्रुवारी असला तरी सेकंड हाफ सोळालाच सुरू होतो. ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ या शब्दांकडे बँक लक्षच देत नाही. आणि ‘बाय’? तो या यादीत नाहीच. म्हणून एलसीच्या मसुद्यावर बायरशी बोलताना सर ‘बाय’च्या जागी ‘ऑन ऑर बिफोर’ किंवा ‘नॉट लेटर दॅन’ मागायला सांगतात.

एलसीचे कागद कसे तपासायचे हे सांगणाऱ्या आयसीसीच्याच आयएसबीपी या पुस्तिकेतला एक फरक त्यांनी फळ्यावर रेघ ओढून दाखवला. ‘विदिन टू डेज आफ्टर’ शिपमेंट म्हणजे शिपमेंटपासून पुढचे दोन दिवस. ‘विदिन टू डेज ऑफ’ शिपमेंट म्हणजे आधीचे दोन दिवस, तो दिवस आणि नंतरचे दोन. आफ्टरचा ऑफ झाला की रेघ डावीकडेही वाढते.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. आमच्याच एमआयडीसीतल्या एका युनिटची गोष्ट तिथे काम करणाऱ्या मैत्रिणीने मला सांगितली होती. एलसीच्या जादा अटींत ‘गुड्स टू बी शिप्ड बिफोर १५ मार्च’ असं होतं. तिथे सगळ्यांनी ते ‘१५ मार्चपर्यंत’ असं वाचलं, कारण आपण तसंच बोलतो. कंटेनर वेळेत न्हावा शेव्याला पोहोचला, बोटीवर चढला, आणि बिल ऑफ लेडिंगवर ऑन बोर्डची तारीख पडली १५ मार्च. बँकेने डिस्क्रेपन्सी काढली, म्हणजे कागद अटीशी जुळत नाहीत असं कळवलं. माल समुद्रात, कागद अडकलेले, आणि बाजारभाव उतरल्यावर बायर अशा वेळी काय करतो ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याने सूट मागितली आणि द्यावी लागली. धागा, रंगाई, शिवण, पॅकिंग, सगळं चोख होतं. सहा महिन्यांच्या मेहनतीवरचा नफा एका शब्दात गेला. तिथल्या कुठल्याही माणसाला मी दोष देणार नाही. ज्यांनी शाळेत त्याला ‘बिफोर म्हणजे आधी’ एवढंच शिकवून सोडलं, त्यांनी त्याला अर्धीच गोष्ट शिकवली होती.

सर एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावतात: हे अर्थ यूसीपीच्या अखत्यारीतल्या एलसीपुरते आहेत. साध्या ईमेलमध्ये ‘ऑन ऑर अबाउट’ लिहिलं तर कुणीही अकरा दिवसांचं बंधन मानणार नाही. दोन्हींची गल्लत करू नये म्हणून ते एलसीचे तास आणि ईमेलचे तास वेगळ्या रविवारी घेतात. हा विचार मला योग्य वाटतो.

घड्याळाच्या वेळा हा शेवटचा भाग. इथेही ॲट कुठे लावायचा एवढ्यावर ते थांबत नाहीत. इंग्रज माणूस फोनवर ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर साडेपाच. जर्मन भाषेत मात्र ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार, आणि जर्मन बायर इंग्रजी बोलताना ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर त्याच्या मनात कुठली वेळ आहे हे विचारावंच लागतं. लेखी उत्तरात चोवीस तासांची वेळ लिहायची, १६:३०. ‘ॲट मिडनाइट ऑन १० मार्च’ कधीच लिहायचं नाही, कारण ती नऊ आणि दहामधली मध्यरात्र की दहा आणि अकरामधली हे कुणी सांगू शकत नाही. २३:५९ लिहायचं. वेळेपुढे नुसतं आयएसटी लिहायचं नाही, आयर्लंड आणि इस्राएलही ती अक्षरं वापरतात. ‘इंडिया टाइम’ असं लिहायचं.

आणि मार्च महिना. आपल्याकडे आर्थिक वर्षाच्या अखेरीची धांदल असते, त्यातच तिकडची घड्याळं पुढे सरकतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपात शेवटच्या रविवारी. जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते ती साडेतीन तास मागे येते, न्यूयॉर्क साडेदहाचं साडेनऊ होतं. मधल्या दोन-तीन आठवड्यांत अमेरिका सरकलेली असते आणि युरोप जागच्या जागी. दोन्हीकडच्या माणसांबरोबर एकत्र कॉल असेल तर ठरलेली वेळ ‘ॲट’ने लिहून भागत नाही, तिन्ही ठिकाणच्या वेळा शेजारी शेजारी लिहायच्या. तारखेच्या आकड्यांचंही तसंच. ०४/०५ हे आपल्याला आणि इंग्रजांना चार मे, अमेरिकेला पाच एप्रिल. महिना अक्षरात लिहिला की प्रश्नच मिटतो, आणि सर तो आकड्यात लिहिलेली उत्तरपत्रिका न तपासता परत देतात.

सरावासाठी दिलेली वाक्यं सोलापूरचीच असतात, हे मला विशेष सांगावंसं वाटतं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, म्हणून ‘इन मे १९३०’. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, म्हणून ‘ऑन १२ जानेवारी १९३१’. हे वाक्य लिहिताना वर्गात कुणी घाई करत नाही. ज्या तारखा आपल्याला मनापासून माहीत आहेत त्यांच्यावर शिकलेला शब्द पक्का बसतो, लंडनच्या ट्रेनच्या वेळापत्रकावर शिकलेला बसत नाही.

उणिवाही सांगते. बोलण्याचा सराव इथे जवळजवळ नाही. फोनवर तारीख सांगताना थर्टीन आणि थर्टी यांतला फरक समोरच्याला ऐकू जावा लागतो, तिथे आमच्यातले बरेच जण अडखळतात, आणि त्यावर एकही तास नाही. सरांचं स्वतःचं इंग्रजी बँकेच्या पत्रांचं आहे, ‘काइंडली डू द नीडफुल’च्या काळातलं. तरुण बायर ज्या मोकळ्या, दोन ओळींच्या ईमेल लिहितात त्यांना त्याच सुरात उत्तर देणं इथे शिकायला मिळत नाही. झेरॉक्स फिक्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावर पंख्याखाली दोन तास बसणं कठीण जातं, सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ज्यांना साधं वर्तमानकाळातलं वाक्यही लिहिता येत नाही त्यांनी आधी दुसरीकडे पाया करून यावं. सर कुणाला परत पाठवत नाहीत, पण वेग त्यांच्यासाठी कमीही करत नाहीत. दोन मुलं अशीच मध्येच सोडून गेली याचं मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठी अर्धा तास आधी वेगळा वर्ग घ्यावा असं मी सरांना सुचवलं आहे.

कुणी जावं? एक्स्पोर्ट ऑफिसातले लोक तर जावेतच. त्यांच्याशिवाय सीएचएकडे काम करणारी मुलं, फॉरवर्डरकडचे, माल पोहोचवायच्या शेवटच्या, म्हणजे कट-ऑफच्या, वेळा रोज लिहिणारे ट्रान्सपोर्टवाले, परदेशी विद्यापीठांना अर्ज करणारे, कारण तिथेही शेवटची तारीख कुठल्या देशाच्या घड्याळाने मोजायची हा प्रश्न येतोच. माझ्या बॅचला एक नर्स होती, आखातात नोकरीला निघालेली. तिचा करार सरांनी वर्गात वाचून दाखवला आणि ‘नोटीस ऑफ थर्टी डेज’ कुठल्या दिवसापासून मोजायची हे त्या कागदावर लिहिलेलंच नाही हे तिच्या लक्षात आणून दिलं. तिने सही करण्याआधी एजन्सीला विचारलं आणि लेखी उत्तर घेतलं. यासाठी सरांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

फी महिन्याला आठशे रुपये आहे, वर्ग दोन-तीन महिन्यांत संपतो, आणि मध्ये एखादा रविवार शिपमेंटमुळे बुडला तर तो तास पुढच्या बॅचबरोबर बसून भरून काढता येतो. नवी बॅच गड्ड्याची यात्रा उरकली की सुरू होते. जाताना स्वतःच्या ऑफिसातल्या चार-पाच ईमेल छापून न्या, नावं आणि रकमा काळ्या पेनने नीट खोडून. जमलं तर एखाद्या जुन्या, पूर्ण झालेल्या एलसीची प्रतही न्या, मालकांची परवानगी घेऊन. तारखा मात्र खोडू नका.